पेंढीतलं तेल

दत्तूभाऊ पिंगळे रोज सकाळी मशीनला उठवत. बटण दाबायच्या आधी हात वगैरे जोडत नसत. घरातल्या उशिरा उठणाऱ्या माणसाला म्हणावं तसं म्हणत, "उठा आता, लोक खोळंबल्यात." मग पाण्याचा पंप सुरू होई, त्याच्यामागून तेलाचा, आणि भाऊ काचेच्या भांड्याकडे तोंड करून उभे राहत. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा माणूस माझी टिंगल करतोय. पुढे कळलं की ते बैलांनाही तसंच म्हणत, आणि बैल विकून ट्रॅक्टर आणल्यावर ट्रॅक्टरलाही.

दत्तूभाऊंना जाऊन आता एक पावसाळा उलटला. आमच्या शेडमध्ये त्यांच्याइतका बोलका माणूस दुसरा नव्हता आणि त्यांच्याइतका न विचारणाराही नव्हता. कामशेतच्या बाहेर, हायवेच्या खालच्या अंगाला आमची भाड्याची पत्र्याची शेड. तिथे आम्ही निंबोळी तेलाचे थेंब करतो. हे ऐकून लोक हसतात. थेंब काय करायचे असतात, ते पडतात. पण तेल आणि पाणी नुसतं घुसळलं की काही थेंब बारीक होतात, काही टपोरे. ते पाणी गुलाबाच्या पानावर फवारलं की टपोरा थेंब एका जागी चिकटून बसतो आणि ऊन चढल्यावर तिथलं पान भाजतं. सगळे थेंब एकसारखे बारीक असतील तर कीड मरते आणि पान वाचतं. आमचा सगळा धंदा या एकसारखेपणावर उभा आहे.

त्यासाठी आमच्याकडे एक नळी असते. हातभर लांब, पारदर्शक, आणि तिच्यात शेवईसारखे पांढरे तंतू शेकड्यांनी भरलेले. प्रत्येक तंतू आतून पोकळ, आणि त्याच्या भिंतीला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं. तंतूंच्या आतून पाणी वाहत ठेवायचं आणि बाहेरच्या बाजूने तेल हळूहळू दाबायचं. तेल छिद्रातून आत डोकावलं की वाहतं पाणी त्याचा थेंब तोडून घेऊन जातं. छिद्रं सारखी म्हणून थेंब सारखे. आमच्या कागदांवर या नळीला मॉड्यूल म्हणतात. दत्तूभाऊंनी ती पहिल्यांदा हातात घेतली, दारातल्या उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "ही तर भाताची पेंढी हाय." तेव्हापासून आमचे पुण्याचे मालकसुद्धा पेंढीच म्हणू लागले.

प्रत्येक बॅचचा एक ठिपका काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायचं काम माझं. पण भाऊ आधी नंबर लावत. एक डोळा मिटून, तोंड किंचित उघडं ठेवून बघत आणि निकाल देत. थेंब सारखे दिसले तर म्हणत, "समदी एका आईची लेकरं हायेत." लहानमोठे दिसले तर मान हलवून म्हणत, "आज भावकी झाली." भावकीवर त्यांचा विशेष राग होता. वडिवळ्यात पिंगळ्यांची घरं पुष्कळ, आणि बांधावरून कोण कोणाशी बोलत नाही याचा हिशोब दर पावसाळ्याला बदलायचा. भाऊ तो रोज डबा खाताना सांगत आणि आम्हाला हसवत.

मीही वडिवळ्याचीच. ओव्हाळांची. आम्ही बौद्ध. माझे वडील रेल्वेत गँगमन होते आणि आई पिंगळ्यांच्या खाचरांत भाताच्या आवण्या, म्हणजे रोपांच्या लावण्या, करायची. मी शिकले, केमिकल इंजिनीअर झाले, चार ठिकाणी नोकऱ्या करून पुन्हा कामशेतला आले, आणि दत्तूभाऊ तळेगावच्या कारखान्यातून निवृत्त होऊन आमच्याकडे ऑपरेटर म्हणून लागले ते माझ्या हाताखाली. शेडमध्ये ते मला मॅडम म्हणत. गावच्या रस्त्यात भेटले तर 'पोरी' म्हणत. मी दोन्हीकडे त्यांना भाऊ म्हणे. ते कधी वावगं बोलले नाहीत, माझ्या हातचा चहा घेत, माझ्या डब्यातली भाजी मागून घेत. पण पेंढीबद्दल त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. मी सांगे, काम संपलं की पेंढी पाण्याने भरून दोन्हीकडून बुचं लावायची, रिकामी सोडायची नाही. ते म्हणत, "व्हय." का, असं कधी म्हणाले नाहीत.

आणि मीही सांगितलं नाही. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, त्याला समोर बसवून मी काय शिकवणार, असं मी स्वतःला सांगत असे. ते अर्धंच खरं होतं. एक पिंगळे माझ्या सांगण्यावर, कारण न विचारता, मान हलवून कामाला लागतो, याचं मला बरं वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटत होतं हे खरं.

फवारणीला गिऱ्हाईक मिळेना तेव्हा भाऊंनीच गाव पालथं घातलं. वडिवळ्याच्या वरच्या अंगाला पिंगळ्यांची गुलाबाची पॉलीहाऊस आहेत. भाऊंचे चुलतभाऊ बाळूआण्णा, त्यांची सून शोभा, आणखी दोघंतिघं. बाटलीतल्या औषधांवर त्यांचा विश्वास बसलेला आणि आमच्या पांढऱ्या पाण्यावर बसत नव्हता. भाऊ घरोघरी गेले. माझ्या शब्दावर एकदा मारून बघा, पान जळलं तर माझ्या दारात येऊन बोला, असं सांगून आले. पान जळलं नाही. पुढच्या वेळी त्यांनी आपण होऊन मागितलं. भाऊ त्या दिवशी शेडमध्ये असे चालत होते की पेंढीचा शोध त्यांनीच लावला असावा.

मग दसरा आला. दसरा म्हणजे आमच्या घरी धम्मचक्राचा दिवस. त्या वर्षी मी वडिलांना घेऊन नागपूरला गेले. जाताना मायक्रोस्कोप माझ्या कपाटात कुलूपबंद केला, कारण सुट्टीत शेड रिकामी राहणार होती. नागपुरात नातेवाईक सोडेनात म्हणून मुक्काम वाढला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊंचा फोन आला. शोभाच्या गुलाबावर लाल कोळ्याची कीड दिसतेय, दिवाळीची तोडणी तोंडावर आली आहे, बॅच काढू का? मी म्हटलं, काढा. नुसता ठिपका बघायचा राहील, तर राहू दे, पेंढी कुठे रोज बदलते.

परत आले तेव्हा शोभाच्या पॉलीहाऊसमध्ये माणसं जमली होती. मी सरळ तिथेच गेले. पानापानावर तांबडे-काळे डाग, आणि कळ्यांच्या बाहेरच्या पाकळ्या तळल्यासारख्या कुरकुरीत. शोभा एक एक कळी बोटांनी उघडून बघत पुढे जात होती, आणि आत चांगलं निघेल ही तिची आशा दर कळीला मोडत होती. मी एवढंच म्हणाले की जबाबदारी माझी आहे, काय चुकलं ते शोधून काढते. बाळूआण्णा माझ्याकडे न बघता, गुलाबाकडे बघत म्हणाले, "शिकली म्हनून काय झालं. मातीत हात न्हाईत त्यांचं."

'त्यांचं' म्हणजे कुणाचं ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. माझ्या आईचे हात ज्या खाचरात वर्षानुवर्षं होते ते खाचर बाळूआण्णांचंच. मी दत्तूभाऊंकडे पाहिलं. ते कोपऱ्यात उभे होते. त्यांनी मान खाली घातली आणि वर केलीच नाही. मला त्या डागांपेक्षा त्या खाली गेलेल्या मानेचा जास्त राग आला. रोज माझ्या डब्यातलं खाणारा माणूस एक शब्द बोलत नाही, हे मनात धरून मी शेडवर आले.

रागाच्या भरातच मी पेंढी मशीनवरून उतरवली. तंतू पांढरेशुभ्र असायचे, ते दुधाळ-पिवळे, अर्धवट पारदर्शक झाले होते, तेल लागल्यावर कागद होतो तसे. बूच काढून वास घेतला. निंबोळीच्या कडवट वासात दुसराही एक वास होता. तिळाच्या तेलाचा होता, घाण्यावरच्या, घरच्या. भाऊ माझ्या मागून आले होते आणि दारात उभे होते. मी विचारलं, हे कुणी घातलं?

"म्या," भाऊ म्हणाले. "खंडेनवमीला."

त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. खंडेनवमीला अवजारं धुऊन पुसून पूजेला मांडतात. ओली अवजारं कुणी मांडत नाही. पूजा झाली की दसऱ्याच्या दिवसापर्यंत त्यांना विश्रांती, आणि विश्रांतीला ठेवलेल्या कोयत्याला, खुरप्याला तेलाचा हात फिरवायचा, म्हणजे गंज धरत नाही. भाऊंनी पेंढीतलं पाणी काढलं, हवा मारून ती कोरडी केली, हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला. पण मॅडमनी रिकामी ठेवू नका म्हणून सांगितलेलं त्यांच्या ध्यानात होतं. म्हणून घरून तिळाचं तेल आणलं, चांगलं, बायकोकडून मागून आणलेलं, आणि पेंढी आतून-बाहेरून तेलाने भरून बुचं लावली. दसरा झाल्यावर तेल काढून टाकलं आणि तिला उठवलं.

त्यांना वाटलं होतं, पाण्यापेक्षा तेल बरं.

मी त्यांना सांगितलं. पेंढीच्या भिंतीला पाणी लागलेलं असतं म्हणून तेल तिथे टिकत नाही, थेंब होऊन सुटतं. एकदा का छिद्रांत तेल मुरलं की भिंत तेलाचीच होते. मग पुढचं तेल आत येतं ते थेंबाने येत नाही, भिंतीवर पसरत येतं आणि ओघळाने सुटतं. कोरडी करून भरलं म्हणजे तर तेलाने सगळी छिद्रं आधी गाठली. आता कितीही धुवा, ही पेंढी पुन्हा थेंब करणार नाही. जी गोष्ट त्यांच्या पहिल्या दिवशी सांगायची, ती मी पेंढी मेल्यावर एका दमात सांगितली.

भाऊ पायरीवर बसले. त्यांनी पेंढी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "पूजा केली आन् मारून टाकली."

मी मालकांना फोन केला. मालक शहाणे. म्हणाले, नवी पेंढी मागवू, गावात सांगू की तेलाचा लॉट खराब आला, शोभाला पुढची फवारणी फुकट देऊ, कुणाचं नाव घ्यायची गरज नाही. मलाही ते पटलं. भाऊंचा शब्द राहील, माझंही नाव निघणार नाही, लॉटला कुठे भावकी असते. मी भाऊंना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांच्या मान हलवण्यातून मला इतक्या वर्षांत काहीच कळलं नव्हतं, तेव्हाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या घरी आले आणि वडिलांना म्हणाले, दादू, संध्याकाळी चहाला ये, पोरीला घेऊन ये. वडील गोंधळले. पिंगळ्यांच्या अंगणापर्यंत वडील आयुष्यभर गेलेत. आता कुणी अडवत नाही, पण आत या असंही कुणी म्हणत नाही, आणि वडीलही अंगणातूनच काम सांगून फिरतात. दोन्ही बाजूंना ते सोयीचं झालेलं. आम्ही गेलो तेव्हा पडवीत बाळूआण्णा, शोभा आणि बाकीचे गुलाबवाले बसले होते. वडील संकोचाने दाराजवळच्या खुर्चीकडे वळले. दत्तूभाऊंनी त्यांचा हात धरला आणि पडवीत आत नेऊन आपल्या दिवाणावर, स्वतःच्या शेजारी बसवलं. वडील कडेला अर्धेच बसले, पाय जमिनीवर रोवून, केव्हाही उठता येईल असे.

चहा आला. तो संपायच्या आत भाऊ बोलले. उभे राहिले नाहीत, आवाज चढवला नाही. गुलाब मी जाळला, म्हणाले. पेंढीत मी तेल भरलं, त्यात ह्या पोरीचा काही दोष नाही. बाळूआण्णा समजुतीने म्हणाले की झालं ते झालं, दत्तू, तुला काय ठाऊक, तिनं आधी सांगायला पाहिजे होतं.

"सांगंल कशी?" दत्तूभाऊ म्हणाले. "म्या इचारलं तर सांगंल ना. येवढी वर्सं पेंढीत पानी भरून ठिवतोय, कशापायी ठिवतोय ते एकदा बी इचारलं न्हाई. ठाव नव्हतं म्हनून न्हाई इचारलं आसं न्हाई. ओव्हाळांच्या पोरीला आपन काय इचारायचं, ह्याची लाज वाटत हुती. ती लाज शोभाच्या गुलाबावर पडली. आन् काल तिला तुमी बोल्लासा तवा बी मी गप ऱ्हायलो. त्येची तर लय लाज वाटती."

शोभाने पदर तोंडाला लावला. वडिलांनी कप खाली ठेवला तो बशीवर नीट बसला नाही आणि वाजला. मी त्या वेळी उठायला हवं होतं आणि म्हणायला हवं होतं की भाऊ, तुम्ही विचारलं नाही हे जितकं खरं तितकंच मी सांगितलं नाही हेही खरं, आणि का सांगितलं नाही तेही मला ठाऊक आहे. शब्द ओठांवर होते. मी चहा घेतला. भाऊंच्या बायकोने अजून देऊ का विचारलं तेव्हा मी हो म्हणाले आणि तोही घेतला.

परतताना वडील स्कूटरवर माझ्या मागे बसले होते. नदीवरचा पूल ओलांडल्यावर म्हणाले, "त्यानं बोलायला नको व्हतं. भावकी सोडायची न्हाई आता त्याला."

तसंच झालं. गुलाब जाळला हे भावकीने माफ केलं. बोललेलं केलं नाही. घरातली गोष्ट चारचौघांत, आणि तीही कुणासमोर, असं बाळूआण्णा गावभर म्हणत फिरले. फवारणी त्यांनी बंद केली, दोघांनी त्यांच्यामागून केली. एकट्या शोभाने, नवी पेंढी आली की पहिल्या बॅचचा डबा मला द्या, असा निरोप धाडला, आणि त्यावरून तिच्या घरात काय काय झालं ते तिने कधी सांगितलं नाही. बाळूआण्णा पुढे दत्तूभाऊंशी बोललेच नाहीत. मयतीला आले, पण रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले. ज्या भावकीच्या गोष्टी सांगून भाऊ आम्हाला हसवायचे ती भावकी त्यांच्या वाट्याला अशी आली, आणि नंतरच्या दिवसांत डबा खाताना ते त्या गोष्टी सांगेनासे झाले.

पडवीतल्या त्या संध्याकाळनंतर ते कामावर यायचे थांबले होते. मी दोनदा घरी गेले. दोन्ही वेळा म्हणाले, त्या मशीनपुढं उभं राहायची लाज वाटते. मी त्यांची समजूत घालत होते आणि मनात म्हणत होते की लाज वाटायची तर आपण दोघांनी वाटून घ्यायला हवी, पण हे तोंडाने तेव्हाही म्हणाले नाही. अखेर नवी पेंढी आली. मी खोकं न उघडता तसंच ठेवलं आणि वडिलांना सांगितलं. वडील एकटे पिंगळ्यांकडे गेले. काय बोलले ते दोघांनीही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तूभाऊ शेडच्या दारात उभे होते.

खोकं त्यांनीच उघडलं. पेंढी उजेडात धरून पाहिली. पंपाकडे गेले नाहीत, बटणाकडे गेले नाहीत. कोपऱ्यातलं स्टूल ओढून माझ्या टेबलासमोर आणलं, त्यावर बसले, पेंढी आडवी मांडीवर घेतली आणि मला म्हणाले, "आता सांग, पोरी. आदी पानीच का?"

शेडमध्ये ते मला पहिल्यांदाच पोरी म्हणाले होते. मी सांगायला सुरुवात केली. पेंढी मेली त्या दिवशी मी एका दमात भराभरा बोलले होते. समोर बसून कुणी शांतपणे ऐकतंय म्हटल्यावर माझ्या तोंडात कॉलेजचे इंग्रजी शब्द यायला लागले. ते बाजूला सारावेत तर पुढचं वाक्य सापडेना. पाण्याला ती भिंत आवडते, असं म्हणाले आणि थांबले. हे आपल्या भाषेत कसं सांगायचं याचा मी कधी विचारच केला नव्हता. ज्याला सांगायचं तो माणूस रोज समोर होता, आणि मी मनातल्या मनातसुद्धा त्याला एकदाही सांगून पाहिलं नव्हतं. मी वही ओढली, चित्र काढायला घेतलं, खोडलं, पुन्हा काढलं. भाऊ वाट बघत बसले होते.

"घाई न्हाई," ते म्हणाले. "मला इचारायलाच किती वर्सं लागली."